घरघंटीचा खर्ज

आमच्या घरात स्टिरीओ पहिल्यापासून आहे. डोंबिवलीत रुळांपासून दोनशे पावलांवर राहणाऱ्या माणसाला तो विकत घ्यावा लागत नाही. अप लोकल डाव्या कानात शिरते, डाऊन लोकल उजव्या कानातून निघून जाते, आणि लांब पल्ल्याची गाडी भोंगा देत गेली की समोरच्या स्पीकरचीही सोय होते. खर्ज हवा असेल तर मालगाडी. ती गेली की शोकेसची काच थरथरते आणि आतला पितळी गणपती दोन सूत डावीकडे सरकतो. दर शनिवारी बायको त्याला परत उजवीकडे सरकवते. या सगळ्या व्यवस्थेत उणीव एकच होती, गाण्याची.

ती भरून काढायचं निवृत्तीनंतर ठरलं. फंडाचे पैसे आले होते. बायको गाणं शिकलेली, कल्याण गायन समाजाच्या मैफलींना आवर्जून जाणारी. तिची मागणी साधी होती. "दोन बरे स्पीकर घेऊ. मला तानपुरा नीट ऐकू आला पाहिजे." मी हो म्हणालो. आणि त्याच रविवारी आम्ही ठाण्याला ताईकडे जेवायला गेलो. तिथे घात झाला.

ताई घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहते. भावोजींनी तिसऱ्या बेडरूमची थिएटर रूम केली आहे. भिंतींना काळ्या गाद्या, भिंतींत सात स्पीकर, छतात चार, आणि कोपऱ्यात दोन सबवूफर. याला सेव्हन पॉइंट टू पॉइंट फोर म्हणतात. मला तो आकडा गृहकर्जाच्या व्याजासारखा वाटला, आणि भावोजींचा चेहरा पाहता तो तसाच असावा. दिवे मालवून त्यांनी डेमो दाखवला. डेमोत डायनासोर असतोच. डीटीएस नावाच्या पद्धतीचा आवाज घेऊन थिएटरात आलेला पहिला सिनेमा 'जुरासिक पार्क', १९९३चा. तेव्हापासून प्रत्येक नव्या यंत्राची वास्तुशांत डायनासोरच्याच पायांनी होते. तो चालत आला, माझ्या पोटातली आमटी हलली, आणि मी मनातून विकला गेलो.

"सिनेमा कुठला बघितलात यावर?" बायकोनं विचारलं.

"अगं, पाच रिमोट आहेत," ताई म्हणाली. "चिरंजीव बंगळूरहून आले की लावून देतात. एरवी आम्ही बाहेर हॉलमधल्या टीव्हीवर मालिका बघतो. तिथे आवाज स्पष्ट येतो."

हे वाक्य मी ऐकलं नाही असं नाही. पण डायनासोर अजून पोटात होता. परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "दोन स्पीकर." मी म्हणालो, "फाइव्ह पॉइंट वन. मधला मार्ग." मध्यमवर्गीय माणूस स्वतःच्या हावेला नेहमी मधला मार्ग म्हणतो.

आता मला वॉटचा नाद लागला. आमच्या पिढीचा हा जुना रोग आहे. नव्वदच्या दशकात हातात धरून नेता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर सोनेरी अक्षरांत '२००० वॉट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं. त्याच्याच पाठीवर, जिथे कुणी बघत नाही अशा जागी, खरा आकडा असे, आरएमएस. तो दहा-वीसच्या पुढे क्वचित जाई. या दोहोंतला फरक मला एका सहप्रवाशानं कोपर ते दिवा एवढ्या अंतरात समजावला होता. आरएमएस म्हणजे डब्यातली आसनसंख्या. पीएमपीओ म्हणजे आठच्या फास्टला डोंबिवलीहून त्याच डब्यात जेवढी माणसं शिरतात ती. दोन्ही आकडे खरे. रेल्वेनं दुसऱ्या आकड्याला नावसुद्धा दिलंय, 'सुपर डेन्स क्रश लोड'. स्पीकरवाल्यांनी तेच लिहिलं असतं तर निदान डोंबिवलीकर फसला नसता.

वाचत गेलो तसे आणखी धक्के बसले. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम तीन डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. (पगाराचंही तसंच आहे. तो दहापट झाला तेव्हा कुठे घरात त्याची थोडीशी दखल घेतली गेली.) पुढचा धक्का मोठा होता. नेहमीचा बरा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर सुमारे सत्त्याऐंशी डेसिबल देतो. आमच्या हॉलमध्ये आठ फुटांवर बसलं तर ते ऐंशीच्या आसपास उरतात. ऐंशी म्हणजे शेजारी दार वाजवतील असा आवाज. माणूस माणसाशी बोलतो तो साठ, आणि साठला वॉटचा साधारण शंभरावा भाग पुरतो. जुना झिरोचा दिवासुद्धा बारा-पंधरा वॉट खायचा. म्हणजे बायकोच्या तानपुऱ्याला जेवढी वीज लागणार होती तेवढ्यात झिरोचा दिवा लुकलुकलासुद्धा नसता.

इतकं समजल्यावर माणसानं काय करावं? मी एका वाहिनीला ऐंशी वॉट देणारा सात वाहिन्यांचा रिसीव्हर घ्यायचं ठरवलं. "असू दे हाताशी," मी म्हणालो.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं आहे, पण ते पोस्टमनसाठी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. दुकानातली नावं ऐकूनच माणूस दबतो. व्हार्फडेल म्हटलं की इंग्लंडमधला एखादा सरदार वाटतो. प्रत्यक्षात गिल्बर्ट ब्रिग्ज नावाच्या गृहस्थानं १९३२ साली यॉर्कशरमध्ये घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले त्याचं ते नाव. म्हणजे तिकडचा गृहउद्योगच, पापड-लोणच्याच्या रांगेतला. यामाहाचं मूळ तर १८८७ साली दुरुस्त केलेल्या एका ऑर्गनमध्ये आहे, आपल्या संगीत नाटकात पिटामध्ये वाजायचा त्याच्या भाऊबंदांपैकी. हे मी दुकानदाराला उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, बजेट काय?"

त्याची भाषा मात्र रसाळ होती. याचा आवाज उबदार आहे, त्याचा मोकळा आहे, "आणि मिड्स बघा, किती क्रीमी." खरवसाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं. त्यानं हेलिकॉप्टर लावलं. ते आमच्या डोक्यावरून दोनदा गेलं. बायकोनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि तानपुरा लावायला सांगितला. नुसता तानपुरा, गाणं नाही. दुकानातली तिन्ही पोरं आमच्याकडे बघायला लागली. तानपुरा म्हणजे चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, चौथी खर्जाची. जवारी नीट लागली असेल तर त्या चारांतून दहा स्वर झिरपतात. मोठ्या, माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या स्पीकरवर तो घुमला, पण चारही तारा एकाच पातेल्यात शिजल्यासारख्या. मग तिनं कोपऱ्यातले पुस्तकाच्या कपाटात मावणारे दोन छोटे स्पीकर लावायला सांगितले. तिनं डोळे मिटले. "हं. आता खर्ज वेगळा कळतोय." खरेदी खरं तर तिथेच संपली होती. तरी मी तिथे आणखी पाऊण तास थांबून एक सेंटर, दोन सराउंड आणि एक दहा इंची सबवूफर घेतला.

सबवूफर लगेजच्या डब्यातून आणला. खोकं चौकोनी, जड, फिकट रंगाचं. डब्यातल्या एका मावशींनी ठाण्याला त्यावर भाजीची टोपली टेकवली आणि विचारलं, "घरघंटी का?" मी म्हणालो, "नाही, आवाज आहे त्यात." त्या म्हणाल्या, "आवाज सगळ्याच करतात." डोंबिवलीला रिक्षावाल्यानं तोच प्रश्न विचारला. सोसायटीच्या वॉचमननंही. शेजारच्या काकूंनी तर प्रश्नच विचारला नाही. दार उघडं दिसताच म्हणाल्या, "घेतलीत ना शेवटी घरघंटी? बरं केलंत. गिरणीत हल्ली भेसळ होते." आणि सोमवारी सकाळी दोन किलो गव्हाचा डबा आला. आम्ही तो हात जोडून परत केला. आमच्याकडे दळत नाही, असं सांगितलं. काकू गोड हसल्या. पण त्या हसण्यावरून त्यांच्या मनात आमची रवानगी कुठल्या खात्यात झाली ते कळलं.

आता मांडणी. पुस्तकी नियम असा की पुढचे दोन स्पीकर तुमच्यापासून तीस-तीस अंशांवर आणि सराउंड एकशेदहा अंशांवर, म्हणजे कानाच्या जरा मागे. भाच्यानं फोनवरून मोजायला लावलं. आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये एकशेदहा अंशांवर डावीकडे स्वयंपाकघराचं दार येतं आणि उजवीकडे बंद केलेली गॅलरी. त्यामुळे डावा सराउंड दसऱ्याच्या वाळक्या तोरणाशेजारी लागला आणि उजवा गॅलरीच्या ग्रिलला, कपड्यांच्या दोरीखाली. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सिनेमा चालू असताना उजवीकडून पाऊस कोसळायला लागला. आई ओरडली, "कुरडया! गच्चीवर कुरडया आहेत!" मी दोन मजले धावत चढलो. वर लख्ख ऊन होतं. तो स्पीकर मी माझ्या हातानं लावला होता.

पण खरी परीक्षा माइकची. रिसीव्हरबरोबर बोटभर माइक येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून 'व्हुईऽऽप' असा आवाज काढतं, माइक ऐकतो, आणि खोलीच्या खोडी ओळखून आवाज दुरुस्त करून घेतो. अट एकच: पाच मिनिटं संपूर्ण शांतता.

सकाळी अकराला सुरुवात केली. भंगारवाला आला. पडद्यावर अक्षरं उमटली, भोवतालचा आवाज जास्त आहे. सव्वाअकराला काकूंच्या कुकरनं पाच शिट्ट्या दिल्या. पुन्हा तीच अक्षरं. दुपारी गाडीचा भोंगा. चारला खालच्या मजल्यावर ड्रिल. सहाला 'व्हुईऽऽप' ऐकून समोरच्या इमारतीतल्या पोपटानं उत्तर दिलं. सात वाजता आई माझ्यावर दया येऊन जोरात म्हणाली, "आम्ही सगळे गप्प आहोत हं, चालू दे!" आणि तेही मोजलं गेलं.

शेवटी पहाटे तीनला उठलो. शेवटची लोकल गेलेली, पहिली यायची होती. अंधारात माइक उभा केला आणि बटण दाबलं. 'व्हुईऽऽप. व्हुईऽऽप.' दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ स्कूटरचा अलार्म समजून बनियनवर खाली धावले. वॉचमन काठी आपटत वर आला, ती काठीही मोजली गेली असावी. पण पाच मिनिटं पार पडली. यंत्रानं हिशेब दिला. पाच स्पीकरांची अंतरं इंचाइंचानं बरोबर. सबवूफर माझ्यापासून सहा फुटांवर, यंत्र म्हणतं पंधरा फुटांवर. भाचा म्हणाला, बरोबरच आहे, सबवूफरच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाजाला उशीर होतो, तो उशीर यंत्र अंतर म्हणून मोजतं. मी टेप लावून पाहिलं. पंधरा फूट म्हणजे बरोबर काकूंचा ओटा.

त्या पहाटे मला रे डॉल्बी यांची फार आठवण झाली. हा अमेरिकन माणूस १९६३ ते १९६५ भारतात होता, युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून. दोन वर्षं इथे काढली, इथून गेला, १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, आणि पहिलं यंत्र कसलं बनवलं? टेपवरची खरखर कमी करायचं. मला त्याचं मन कळतं. दोन वर्षं भारतात राहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आता नशिबाचा खेळ बघा. त्याचं नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचलं ते कशामुळे? गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे 'डॉल्बी'. 'यंदा डॉल्बी लावणार का?' 'डॉल्बीमुक्त उत्सव'. गोंगाट कमी करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव आपण गोंगाटालाच दिलं. हा मान जगात दुसरीकडे कुठे मिळाला असेल असं वाटत नाही.

रिसीव्हरमध्ये एक गंमत आणखी आहे. बटण दाबलं की आवाज व्हिएन्नातल्या सभागृहासारखा घुमतो, दुसरं दाबलं की तळघरातल्या जाझ क्लबसारखा. मी यादी शेवटपर्यंत तपासली. गडकरी रंगायतन नाही. ते घालायचं तर हळव्या प्रसंगी तिसऱ्या रांगेत मोबाइल वाजायला हवा आणि मध्यंतरानंतर दहा मिनिटं वड्याच्या कागदाची कुरकुर.

वायरीचं प्रकरण थोडक्यात सांगतो. दुकानदारानं ऑक्सिजन काढून घेतलेल्या तांब्याची वायर मीटरवर मोजून दिली होती, सोनाराच्या गांभीर्यानं. आमचा वायरमन म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा गिझरची जाड वायर काय वाईट?" म्हणून परीक्षा घेतली. बायको डोळे मिटून बसली. आधी महागडी वायर, मग गिझरची. एकच बंदिश दोनदा. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा खूपच छान." वायरमन खुलला. ती पुढे म्हणाली, "पहिल्यांदा पंखा चालू होता. आता लाइट गेले होते ना मधे, तेव्हा बटण बंद केलं, ते तसंच आहे." सगळ्या खरेदीत आमच्या आवाजात कानाला कळेल असा फरक पाडणारं उपकरण हे एकच निघालं, पंख्याचं बटण.

कल्याणच्या पारनाक्यावर बायकोचे मामा आहेत, शहाऐंशीचे. त्यांच्याकडे एकच खोका आहे, जुना लाकडी रेडिओ, त्याला ग्रामोफोन जोडलेला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीनेक मिनिटांचं गाणं, आणि त्या तीन मिनिटांत गवई आलाप, ताना, सगळं आटोपून वर स्वतःचं नावही सांगून जातो. मामांना मी कौतुकानं आमचे सहा डबे वर्णन करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गाणाऱ्याला तोंडं किती?"

आता शेवटचं. सबवूफर. त्याचा भौतिकशास्त्रीय भाग मी सोसून शिकलो आहे, म्हणून सांगतो. चाळीस हर्ट्‌झचा खर्ज म्हणजे अठ्ठावीस फूट लांबीची लाट. आमचा हॉल चौदा फूट, बरोबर निम्मा. अशी लाट दोन भिंतींमध्ये अडकून फुगते. भिंतीपाशी ती सर्वांत जोरात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. आई मधोमध खुर्चीत बसते. "कुठे आहे तुझा तो खर्ज?" ती दर वेळी विचारायची. मी आवाज वाढवायचो. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर माझे दात वाजायचे, आई म्हणायची, "अजून नाही." शोकेसमधली हळदीकुंकवाची स्टीलची ताटली खणखणायची. तिच्याखाली बायकोनं पुठ्ठा घातला आणि ताटली काळी एकच्या आसपास बोलते असं निदान केलं. भिंतीपलीकडे काय चाललं असेल याचा विचार माझ्या मनात आला नाही. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम निवासी भागात रात्री दहानंतर पंचेचाळीस डेसिबल सांगतात. आकडा मला पाठ होता. आमच्या हॉलच्या मधोमध तो पाळलाही जात होता.

एका शनिवारी रात्री आम्ही डायनासोरचा पूर्ण सिनेमा बघितला. रविवारी सकाळी बेल वाजली. काकू होत्या, हातात रिकामा डबा.

"भाऊ, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं दळायचं नसेल तर नका दळू. पण स्वतःचं तरी रात्री साडेअकराला काढू नका हो. आमच्या यांना झोप नाही. दोन तास दळत होतात. एवढं पीठ लागतं कशाला तिघांना?"

त्या दिवशी सबवूफरची वायर काढली. सराउंड उतरवले. तोरण राहू दिलं. आता दोन छोटे स्पीकर आहेत. रविवारी दुपारी काकूंचा कुकर झाल्यावर आणि भंगारवाला पुढच्या गल्लीत गेल्यावर आम्ही पंखा बंद करतो, तानपुरा लावतो, आणि तिघंही घाम पुसत बसतो. वीसेक मिनिटं मिळतात. गाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा.

तर कळवायचं असं की एक सेंटर स्पीकर, दोन सराउंड आणि दहा इंची सबवूफर वाजवी किमतीत देणे आहेत. ज्यांचा हॉल अठ्ठावीस फुटांचा असेल किंवा ज्यांचं शेजाऱ्यांशी आधीच बिनसलं असेल त्यांनी जरूर यावं. खोकं मूळचं आहे, लगेजच्या डब्यात मावतं. दळण निघत नाही.